जुन्या बीटलच्या इंजिनाची ऑइलगळती: शोधण्यापासून थांबवण्यापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्यांनी जुनी फोक्सवॅगन बीटल नव्याने घेतली आहे किंवा घरात वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात फरशीवर काळे डाग दिसू लागतात आणि मग दोन टोकांचे सल्ले मिळतात. कोणी म्हणते, बीटल आहे, ती गळणारच. कोणी म्हणते, इंजिन उतरवून पूर्ण खोलल्याशिवाय गत्यंतर नाही. माझा अनुभव असा की, बहुतेक वेळा दोन्ही सल्ले चुकीचे ठरतात. गळती बहुधा एखाद्या जुनाट रबरी सीलमधून, दबलेल्या गॅस्केटमधून किंवा जास्त आवळून वाकवलेल्या पत्र्यातून होत असते. ती नेमकी कोठून होते हे आधी ठरवले, तर निम्मे काम आणि बराचसा खर्च वाचतो. त्यामुळे या लेखात दुरुस्तीइतकाच भर शोधण्यावर दिला आहे. खालील माहिती प्रामुख्याने १२०० ते १६०० सीसीच्या, चार सिलिंडर आडवे असलेल्या इंजिनांसाठी आहे.

१. ही गळती गांभीर्याने का घ्यावी

या इंजिनात रेडिएटर नाही आणि पाणीही नाही. सिलिंडर आणि हेड (सिलिंडरच्या टोकावरचा भाग) यांच्या फिन्सवरून, म्हणजे बाहेरच्या पातळ पाकळ्यांवरून, पंख्याची हवा फिरते, आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा ऑइल वाहून नेते. हे ऑइल संपूर्ण इंजिनात मिळून सुमारे अडीच लिटरच असते. म्हणजे साध्या गाडीत जी गळती किरकोळ वाटेल, ती येथे इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेतील बिघाड ठरते.

दुसरी गोष्ट आपल्या भागाशी निगडित आहे. खानापूर तालुक्यातील किंवा बेळगावच्या पश्चिमेकडील गावांतील रस्त्यांवर उन्हाळ्यात लाल मातीचा बारीक फुफाटा असतो. गळलेल्या ऑइलवर तो बसला की फिन्सच्या मधल्या फटी बुजतात आणि तेथून हवा जाणे थांबते. अशी गाडी सपाटीवर तक्रार करत नाही. वंटमुरीचा किंवा चोर्ल्याचा घाट चढताना मात्र इंजिन तापते, आणि गळती केवढ्याला पडली ते तेव्हा कळते. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर आणि हीटरच्या खोक्यांवर ऑइल पडले की त्याचा धूर आणि वास गाडीच्या आत येतो.

एक अपवाद सुरुवातीलाच सांगून ठेवतो. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीकडे या इंजिनाला मुळात रबरी सील नाही. पुलीच्या मानेवर आट्यासारखी खाच असते आणि ती फिरताना ऑइल आत परत ढकलते. त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर पुलीखाली एखादा थेंब दिसला, तर तो दोष मानू नये. तेथून धार लागत असेल, तर मात्र त्याचे कारण बहुधा पुलीत नसते. त्याविषयी पाचव्या भागात लिहिले आहे.

२. काय काय जमवावे

काम सुरू करण्यापूर्वी पुढील सामान हाताशी असावे:

– १०, १३, १४, १७ आणि १९ मिमीचे रिंग पाने व बॉक्स पाने, पक्कड, पेचकस
– लहान मापाचा टॉर्क पाना (५ ते ५० न्यूटन-मीटर) आणि फिलर गेज
– ट्रॉली जॅक आणि दोन भक्कम घोड्या (जॅक स्टँड). चाकांना लावायला लाकडी ठोकळे
– बॅटरी (टॉर्च), दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांड्याचा छोटा आरसा, टाल्कम पावडर, जुनी वर्तमानपत्रे
– रॉकेल किंवा डीग्रीझर, तारेचा नव्हे तर केसांचा ब्रश, स्वच्छ सुती कापड
– कोरड्या पावडरीचे अग्निशामक

अग्निशामकाच्या बाबतीत तडजोड नको. या इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचा मुख्य सांगाडा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि जळत्या मॅग्नेशियमवर पाणी ओतल्यास आग भडकते. ठिणगी पेट्रोलला लागते तेव्हाच ती विझवली पाहिजे. याच कारणासाठी पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प ऑइलच्या कामाआधी बदलून घ्यावेत.

सुटे भाग घेताना इंजिन क्रमांक सोबत ठेवावा. सन १९७० च्या आसपास या इंजिनात बरेच लहानसहान फरक झाले आणि दिसायला सारखे असलेले सील एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांचे सील, ऑइल कूलरचे सील आणि फ्लायव्हीलकडचे (क्रँकच्या टोकावरील जड चाकाकडचे) मुख्य सील हे या गाडीचेच घ्यावे लागतात. ते पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूहून मागवण्याची तयारी ठेवावी. साध्या ओ-रिंग मात्र बेळगावच्या उद्यमबागेत मिळतात. तेथे हायड्रॉलिकचे काम चालते, त्यामुळे जुनी रिंग किंवा तिच्या खोबणीचे माप घेऊन गेल्यास तापमान सोसणारी व्हायटनची रिंग मिळू शकते. स्कूटरच्या दुकानातील साधी काळी रिंग बसते खरी, परंतु या इंजिनाच्या उष्णतेने लवकरच कडक होते.

३. इंजिन धुवावे, मगच पाहावे

घाण इंजिनावर गळती शोधता येत नाही. गार इंजिनावर रॉकेल किंवा डीग्रीझर ब्रशने लावून थोडा वेळ मुरू द्यावे. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि डायनॅमो प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट झाकावेत, आणि मग कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुऊन घेण्याचा मोह टाळावा, कारण त्या दाबाने पाणी डायनॅमोत आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरते. तापलेल्या इंजिनावर तर पाणी घालूच नये. शेवटी सगळे कोरडे करून, विशेषतः रॉकेलचा अंश राहिला नाही याची खात्री करूनच इंजिन चालू करावे.

खालून काम करताना गाडी केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. घोड्या लावून, गाडी एकदा हलवून पाहून, मगच खाली जावे.

४. उगम शोधण्याची रीत

डावी आणि उजवी बाजू नेहमी गाडीत बसून पुढे पाहताना जी येते ती धरावी. बीटलचे इंजिन मागे असते. त्याचा फ्लायव्हीलचा भाग गाडीच्या पुढच्या दिशेला, म्हणजे गिअरबॉक्सकडे असतो आणि पुली बंपरकडे असते. मेस्त्रींशी बोलताना याच बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून ‘फ्लायव्हीलकडे’ आणि ‘पुलीकडे’ असेच बोलावे.

धुतलेल्या इंजिनाच्या खालच्या भागावर टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरावी. मग गाडी दोन टप्प्यांत चालवावी. आधी जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवून बॅटरीने पाहावे. त्यानंतर खानापूरपर्यंत किंवा तेवढ्या अंतरावर जाऊन यावे, आणि परत आल्यावर सपाट जागेवर इंजिनाखाली वर्तमानपत्र अंथरून रात्रभर गाडी उभी ठेवावी. कागदावर चाकांच्या जागा पेनाने खुणावून ठेवल्या, तर सकाळी डाग कशाच्या खाली आहे हे निश्चित सांगता येते.

पावडरीवर ऑइलचा ओघळ काळसर रेघेसारखा स्पष्ट उमटतो. तो खाली कोठे टपकतो याला महत्त्व नाही. तो कोठे सुरू होतो ते पाहावे. ऑइल वरून खाली उतरते आणि गाडी धावताना खालच्या हवेने मागे, म्हणजे बंपरकडे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागातील सर्वांत वरचा आणि गिअरबॉक्सच्या दिशेचा सर्वांत पुढचा बिंदू शोधावा. आरसा यासाठीच लागतो.

डाग दोन्ही कडांना, चाकांच्या जवळ पडत असेल, तर टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचे पत्र्याचे झाकण, पाहावे. त्याच्या थोडा आत, क्रँककेस आणि हेड यांच्या मधल्या पट्ट्यात पडत असेल, तर पुशरॉडच्या नळ्या. मधोमध असेल, तर तळाची प्लेट आणि तिचा ड्रेन बोल्ट. डाव्या बाजूच्या सिलिंडरांवरच्या पत्र्यातून वरून ऑइल येत असेल, तर ऑइल कूलरचे सील किंवा त्याच बाजूला डिस्ट्रिब्युटरजवळ असलेला ऑइल प्रेशरचा स्विच. पुलीच्या खाली असेल, तर ऑइल पंपाचे झाकण किंवा वर सांगितल्याप्रमाणे पुलीची मान.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडत असेल, तर तो बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअर ऑइल अधिक दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. तसा वास आला, तर दोष इंजिनाचा नसून गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलचा आहे. वास नसलेले काळे, पातळ ऑइल असेल, तर फ्लायव्हीलकडचे मुख्य सील संशयित ठरते. हा साधा फरक न पाहता एका बाजूचे सील बदलून पुन्हा इंजिन उतरवण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. इंजिन उतरवावे लागलेच, तर दोन्ही सील एकाच वेळी बदलावेत.

५. खोलण्यापूर्वी: ऑइलची पातळी आणि ब्रीदर

अनेक गळती केवळ आतला दाब वाढल्यामुळे सुरू होतात. पहिले कारण म्हणजे जादा ऑइल. बाजारातील डबा साडेतीन-चार लिटरचा असतो आणि तो पूर्ण ओतण्याची सवय इतर गाड्यांमुळे लागलेली असते. येथे अडीच लिटर पुरे. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी आणि पातळी वरच्या रेघेच्या पुढे जाऊ देऊ नये.

दुसरे कारण ब्रीदरचे, म्हणजे इंजिनातील वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेचे. ऑइल भरण्याच्या नळकांड्यापासून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी चेपलेली किंवा आतून चोंदलेली असेल, तर क्रँककेसमधील वाफ आणि वायू बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि तो दाब पुलीकडून किंवा एखाद्या कमकुवत सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास घडते. टिळकवाडीतून कॅम्पात आणि परत, एवढ्याच फेऱ्या होत असतील, तर इंजिन पुरते तापत नाही, आत पाण्याची वाफ साचते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी, चिकट थर धरतो. तोच थर नळीत अडकतो. नळी काढून धुवावी, आणि पावसाळ्यातही गाडी अधूनमधून सलग तास-दीड तास चालवावी.

तिसरे कारण गंभीर आहे. गरम इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. तेथून जोराने धूर फुसफुसत बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. अशा इंजिनाचे सील बदलण्यात पैसे घालवू नयेत. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे आणि मग रिबोअरचा (सिलिंडर आतून कापून मोठे करण्याचा) निर्णय करावा.

६. टॅपेट कव्हरची गॅस्केट

हे काम घरी, अर्ध्या तासात होते आणि सुरुवात येथूनच करावी. कव्हर तारेच्या जाड कडीने दाबलेले असते. पेचकसाने कडी खाली सारली की ते सुटते. थोडे ऑइल सांडते, खाली पसरट भांडे ठेवावे.

जुनी कॉर्कची गॅस्केट भाजून पत्र्याला चिकटलेली असते. तिचा कणभरही अंश खोबणीत राहिला, तर नवी गॅस्केट तेथे बसत नाही आणि गळती आहे तशी राहते. म्हणून खोबण लाकडी किंवा प्लास्टिकच्या तुकड्याने खरवडून, कापडाने पुसून कोरडी करावी. कव्हरची कड सपाट काचेवर ठेवून पाहावी. एखादा कोपरा उचललेला असेल, तर तो लाकडावर ठेवून हलकेच ठोकून सरळ करावा. नवी गॅस्केट फक्त कव्हरच्या बाजूला गोंदाने चिकटवावी आणि हेडकडची बाजू कोरडी किंवा किंचित ग्रीस लावलेली ठेवावी. म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट तपासताना ती न फाटता निघते.

येथे सिलिकॉन वापरू नये. ‘सगळीकडनं सिलिकॉन मारून देतो साहेब, बंद होतंय बघा,’ असे सांगणारे मेस्त्री भेटतील आणि त्यांचा हेतूही वाईट नसतो. परंतु आतल्या बाजूला बाहेर आलेला सिलिकॉनचा घास तुटून ऑइलमध्ये पडतो आणि तळाच्या जाळीवर जाऊन बसतो. या इंजिनात त्या तारेच्या जाळीशिवाय दुसरा फिल्टर नाही, आणि ती जाळी बुजली तर पंपाला ऑइल मिळत नाही. मेस्त्रींना आदराने पण स्पष्टपणे सांगावे की गॅस्केट सिलिकॉन न लावताच बसवायची आहे.

७. तळाची प्लेट

जाळी आणि तिच्या खालची गोल प्लेट सहा लहान डोम नटांनी धरलेली असते. क्रम असा: गॅस्केट, जाळी, दुसरी गॅस्केट, प्लेट, मग प्रत्येक स्टडवर तांब्याचे नवे वॉशर आणि नट. जुनी वॉशर दबून कडक झालेली असतात, ती पुन्हा वापरू नयेत.

या नटांना फक्त ७ न्यूटन-मीटर ताण द्यायचा असतो. हा फारच कमी आहे आणि बहुतेक नुकसान येथेच होते. गळती थांबत नाही म्हणून नट अधिक आवळले जातात, प्लेट भोकांभोवती वाटीसारखी वाकते, मधली कड उचलली जाते आणि गळती वाढते. मग नट आणखी आवळले जातात आणि शेवटी मॅग्नेशियमच्या नरम क्रँककेसमधील आटेच निघून येतात. प्लेट काढल्यावर ती काचेवर ठेवून पाहावी आणि वाकलेली असेल तर भोकांच्या कडा ठोकून सपाट कराव्यात. आटे गेले असतील, तर उद्यमबागेतील किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील चांगल्या टर्नरकडून जाड आट्याचा पायरीचा स्टड करून घेता येतो. नवे आटे पाडताना टॅपला भरपूर ग्रीस लावावे, म्हणजे धातूचा कीस आत न पडता ग्रीसला चिकटून बाहेर येतो.

प्लेटच्या मध्यभागी असलेला मोठा ड्रेन बोल्ट सुमारे ३५ न्यूटन-मीटरला आवळावा आणि त्याचेही वॉशर नवे घालावे. सन १९७३ च्या आसपासपासूनच्या काही इंजिनांत हा बोल्ट नसतो. तेथे प्लेट उतरवूनच ऑइल काढावे लागते. काढलेले ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये, डब्यात भरून वापरलेले ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे.

८. पुशरॉडच्या नळ्या

प्रत्येक सिलिंडरला दोन, अशा आठ नळ्या आणि त्यांच्या दोन्ही टोकांना मिळून सोळा सील असतात. बीटलची सर्वांत जुनी तक्रार हीच. मूळ नळ्या हेड आणि क्रँककेस यांच्यामध्ये दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या बदलायच्या तर हेड उतरवावे लागते. गाडी व्यवस्थित चालत असेल आणि एखाद-दुसरीच नळी गळत असेल, तर हेड उतरवू नये असे माझे मत आहे. त्यासाठी दोन भागांत सरकणाऱ्या, आवळून लांब-आखूड होणाऱ्या नळ्या मिळतात आणि त्या इंजिन गाडीत असतानाच बसवता येतात.

इंजिन पूर्ण गार असावे. टॅपेट कव्हर काढून रॉकरच्या शाफ्टचे दोन नट थोडे थोडे, आळीपाळीने ढिले करावेत आणि शाफ्ट सरळ बाहेर घ्यावा. पुशरॉड काढण्यापूर्वी एका जाड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांवर क्रमांक आणि ‘हेडकडची बाजू’ असे लिहून ठेवावे. प्रत्येक रॉड आपापल्या जागी आणि त्याच दिशेने परत गेला पाहिजे, कारण त्यांची झीज एकमेकांशी जुळलेली असते. मग गळकी नळी पक्कडीने चेपून मोडून काढावी.

आता खरे नाजूक काम येते. क्रँककेसच्या भोकाच्या कडेला जुन्या सीलचा काळा, काचेसारखा कडक झालेला कडा चिकटून राहिलेला असतो. तो रंगाने धातूत मिसळून जातो आणि बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. तो पूर्ण निघेपर्यंत खरवडावा, तुकडे आत पडू नयेत म्हणून भोकात कापडाचा बोळा घालावा आणि शेवटी तो बोळा न विसरता काढावा. हेडच्या बाजूलाही हेच करावे. नवी नळी क्रँककेसकडून आधी बसवून मग हेडच्या भोकात सोडावी, आणि सील दोन्हीकडे सरळ बसले आहे हे आरशाने पाहूनच आवळावी.

हेड उतरवलेच असेल, तर मूळ पद्धतीच्या नळ्या वापराव्यात. त्या अधिक काळ टिकतात. १३०० ते १६०० सीसीच्या इंजिनांत बसवण्यापूर्वी नळीच्या टोकांजवळच्या घड्या हलकेच ताणून दोन सीलच्या टेकणांमधील लांबी १९० ते १९१ मिमी करावी. घड्या तडकल्या असतील तर ती नळी टाकून द्यावी. नळीचा सांधा वरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे तो कधी उघडलाच तरी ऑइल खालून वाहून जाते आणि सांध्यातून झिरपत नाही.

शेवटी रॉकर शाफ्टचे नट २५ न्यूटन-मीटरला आवळावेत आणि गार इंजिनावर टॅपेटची फट पुन्हा लावावी. सर्वसाधारणपणे ती ०.१५ मिमी ठेवतात. जुन्या १२०० सीसीच्या इंजिनांना ०.१० मिमी असते, म्हणून आपल्या इंजिनाचे पुस्तक पाहून ठरवावे.

९. वरच्या बाजूचे लहान दोष

ऑइल प्रेशरच्या स्विचची वायर काढून पाहावी. टोकावरच ऑइल दिसत असेल, तर स्विच आतून फुटला आहे, तो बदलावा. त्याचे आटे निमुळते असतात, म्हणून बेताने आवळावा. जोर केल्यास क्रँककेसला तडा जातो. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. डिस्ट्रिब्युटर उचलण्यापूर्वी त्याची जागा खुणेने आखून ठेवावी, नाहीतर टायमिंग पुन्हा लावावे लागेल. पेट्रोल पंपाखालच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट असतात. ठोकळा धातूचा नसल्याने तोही जास्त आवळू नये.

ऑइल पंपाच्या झाकणाला पातळ कागदी गॅस्केटच लागते. जाड पुठ्ठ्याची घरी कापलेली गॅस्केट लावल्यास गळती थांबते, परंतु गिअर आणि झाकण यांच्यातील अंतर वाढून ऑइलचा दाब उतरतो.

ऑइल कूलरचे सील बदलायला पंख्याचे मोठे पत्र्याचे आवरण उचलावे लागते. हे सील ८ आणि १० मिमीच्या छिद्रांसाठी निराळे असतात. क्रँककेस एका प्रकारचा आणि कूलर दुसऱ्या प्रकारचा असेल, तर मधल्या निमुळत्या आकाराचे सील मिळते. चुकीचे सील पहिल्या दिवशी गळत नाही, घाटात ऑइल तापले की गळते. कूलर हातात आला आहे तर त्यात हवा भरून, पाण्यात बुडवून तपासून घ्यावा.

१०. फ्लायव्हीलकडचे सील

याला इंजिन उतरवावे लागते, आणि ते एकट्याने करण्याचे काम नाही; इंजिन १०० किलोंहून अधिक वजनाचे असते. बॅटरी सोडवावी, पेट्रोलची नळी बंद करावी, ॲक्सिलरेटर आणि हीटरच्या केबल व वायरी खुणा करून काढाव्यात, इंजिनाखाली जॅक घ्यावा आणि मग गिअरबॉक्सला जोडणारे चार नट-बोल्ट सोडावेत. इंजिन सरळ मागे ओढावे. शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत इंजिनाचा भार त्या शाफ्टवर पडू देऊ नये, क्लचप्लेट वाकते.

सील काढण्यापूर्वी क्रँकची पुढे-मागे होणारी हालचाल डायल गेजने मोजावी. ती ०.०७ ते ०.१३ मिमी असावी. ०.१५ मिमीच्या वर गेली असेल, तर शिम (पातळ धातूच्या चकत्या) बदलून ती आत आणावी. बेअरिंगच झिजले असेल, तर नवे सीलही काही महिन्यांत गळू लागते. फ्लायव्हीलच्या मानेवर सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल, तर ती लेथवर पॉलिश करून घ्यावी. साधारण १९६७ नंतरच्या इंजिनांत फ्लायव्हीलच्या आत एक ओ-रिंगही असते. ती विसरली, तर सगळे काम वाया जाते. नवे सील बोटांनी चारी बाजूंनी सरळ टेकवून, सपाट प्लेटने सारखे दाबत बसवावे. एका कडेवर हातोडी मारू नये.

मधला ३६ मिमीचा मोठा नट ३४३ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. एवढा टॉर्क पाना बहुतेक गॅरेजमध्ये नसतो. त्यावर उपाय म्हणजे फ्लायव्हील लोखंडी अँगलने पक्के अडवून, पान्याला आडवा पाइप लावावा आणि नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर ३५ किलोचा भार द्यावा. अंदाजाने आवळलेला नट सुटला, तर क्रँक आणि फ्लायव्हील दोन्ही निकामी होतात.

क्रँककेसच्या दोन अर्धांच्या सांध्यातूनच ऑइल येत असेल, तर नट आवळून पाहण्यापलीकडे बाहेरून काही करू नये. ते इंजिन पूर्ण उघडण्याचे काम आहे आणि ते या इंजिनाची माहिती असलेल्या मेस्त्रींकडेच द्यावे.

११. काम झाल्यावर

ऑइल भरून, प्लगच्या वायरी काढून ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा. मग वायरी लावून इंजिन चालू करावे आणि पहिली पाच मिनिटे खालून पाहत राहावे. इंजिनाभोवतीचे सगळे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी परत बसली आहे याची खात्री करावी. त्याशिवाय खालची गरम हवा पुन्हा पंख्याकडे ओढली जाते. पुन्हा पावडर, पुन्हा खानापूर, पुन्हा रात्रभर वर्तमानपत्र. ५०० किमी झाल्यावर गार इंजिनावर टॅपेटची फट तपासावी, तळाच्या प्लेटचे सहा नट टॉर्क पान्यानेच ७ न्यूटन-मीटरला लावून पाहावेत आणि डिपस्टिकवरील पातळी तारखेसह वहीत लिहून ठेवावी.